हाताने वाचायचा इतिहास

टकळी पहिल्यांदा हातात धरली त्या दिवशी माझं सूत किती वेळा तुटलं याचा हिशेब मी मध्येच सोडून दिला. पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, तंतू ओढायचे, टकळीला पीळ द्यायचा, पीळ वर चढत असताना बोटांनी तंतू सोडत राहायचं, आणि हे सगळं एकाच लयीत. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात एक हात घाई करतो आणि दुसरा मागे राहतो. सूत एकतर सुतळीसारखं जाड होतं, नाहीतर केसासारखं बारीक होऊन तटकन तुटतं. तास संपल्यावर मोजलं तेव्हा माझ्या नावावर चार मीटर सूत जमा होतं, तेही सगळं गाठीगाठींचं. शिकवणाऱ्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्याच तासात त्यांनी शंभर मीटरच्या वर कातलं होतं, शिवाय मधून मधून आमची तुटलेली टोकंही जोडून दिली होती.

मग फळ्यावर एक साधा हिशेब मांडला गेला. मीटरभर पन्ह्याचं दोन मीटर कापड घ्या. सेंटिमीटरला वीस उभे धागे आणि वीस आडवे. म्हणजे ताण्याचे दोन हजार धागे, प्रत्येकी दोन मीटरचे, आणि बाण्याचे चार हजार, प्रत्येकी एक मीटरचे. एकूण आठ किलोमीटर सूत. बाईंच्या वेगाने ऐंशी तास, माझ्या वेगाने दोन हजार. आणि कापड तर अजून मागावर चढलेलंही नाही.

औद्योगिक क्रांतीच्या धड्यातली नावं आपण सगळ्यांनी पाठ केलेली असतात. १७३३ साली जॉन के याचा धावता धोटा, १७६० च्या दशकात हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी, १७६९ मध्ये आर्कराइटची वॉटर फ्रेम, १७७९ मध्ये क्रॉम्प्टनचं म्यूल. मीही जोड्या लावा या प्रश्नात त्यांचे पूर्ण गुण मिळवले होते. पण ही नावं याच क्रमाने का येतात हे मला त्या दुपारी, बोटांची टोकं हुळहुळत असताना कळलं. एका विणकराला पुरेल एवढं सूत द्यायला आधीच अनेक कातणाऱ्या लागत. त्यात धावत्या धोट्याने विणकराचा वेग वाढवला, आणि अख्खं कापडाचं जग सुताच्या टोकाशी येऊन अडलं. पुढचे तिन्ही शोध सूत कातणाऱ्या यंत्रांचे आहेत, म्हणजे त्या अडलेल्या टोकाशीच झालेले आहेत.

आणखी एक गोष्ट त्याच दुपारी लक्षात आली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. सूतकताईची यंत्रं आली तेव्हा घरोघरी कातून चार पैसे मिळवणाऱ्या असंख्य बायकांची कमाई गेली. १८११ नंतर इंग्लंडमध्ये यंत्रं फोडणाऱ्या लडाइटांचं नाव आजही भाषेत टिकून आहे. त्यांच्या आधीच्या पिढीत ज्यांच्या हातची टकळी आणि चरखा गेला, त्या बायकांच्या दुःखाला असं एकही नाव मिळालं नाही. त्या आपापल्या घरात बसून काम करत. त्यांचा संघ नव्हता, शिक्का नव्हता, बहुतेकींना सहीही येत नव्हती. त्यांनी मागे कागद ठेवला नाही. कागदावरच भिस्त ठेवणाऱ्या इतिहासात मग त्यांना जागा कुठून मिळणार?

माझा मुद्दा इथूनच सुरू होतो. इतिहास स्वयंपाकातून, कारागिरीतून, चित्रपटातून शिकवणाऱ्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांचं अलीकडे पेव फुटलं आहे. कुठे दोन तासांची कार्यशाळा, कुठे शनिवार-रविवारचा वर्ग, कुठे तीन-चार आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. विद्यापीठांतले अनेक जण त्याकडे पाहून नाक मुरडतात. हा छंदवर्ग झाला, इतिहास नव्हे, असं म्हणतात. आयोजकांपैकी अनेक जण उलट टोकाला असतात. इतिहास रुक्ष असतो, आम्ही तो चविष्ट करून देतो, अशी त्यांची जाहिरात असते. दोघांचं म्हणणं वेगळं वाटलं तरी समजूत एकच आहे. खरा इतिहास कागदावर असतो आणि हाताचं काम म्हणजे कडू औषधावरची साखर, ही ती समजूत. मला ती मुळातच चुकीची वाटते. ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्या इतिहासाचा मोठा भाग त्यांच्या कामातच साठलेला आहे, आणि ते काम वाचायचं तर हात लागतात. हे अभ्यासक्रम याच कारणासाठी हवेत, आणि याच कसोटीवर त्यांना पारखलं पाहिजे.

आत्ताच मी ‘पेव फुटलं’ असं लिहिलं. हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, पण जमिनीत खणलेल्या खड्ड्यात धान्य महिनोन्‌महिने कसं टिकतं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? इंग्लंडमधल्या लोहयुगीन वस्त्यांत असे खड्डे मोठ्या संख्येने सापडले, तेव्हा आधीच्या काही संशोधकांनी ती माणसांची राहायची जागा मानली होती. ते धान्याचे साठे असावेत असा तर्क पुढे आला, तरी तिथल्या ओल्या हवेत धान्य खड्ड्यात टिकेल कसं, ही शंका उरलीच. पुरातत्त्वज्ञ पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७२ मध्ये सुरू झालेल्या बटसरच्या प्रायोगिक शेतावर खड्डे खणले, त्यांत धान्य भरलं, तोंड मातीने लिंपून बंद केलं आणि वाट पाहिली. झालं ते असं. भिंतीलगतच्या ओलसर दाण्यांना मोड आले, त्यांनी खड्ड्यातला प्राणवायू संपवला, कर्बवायू साचला आणि आतलं सगळं धान्य जणू झोपी गेलं. पुढच्या हंगामात त्यातलं बहुतेक पेरण्यालायक निघालं. कितीही कागद चाळले असते तरी हे उत्तर मिळालं नसतं, कारण तिथल्या त्या लोकांनी एक ओळही लिहून ठेवलेली नाही.

याला कुणी छंदवर्ग म्हणणार नाही. मग चार दिवसांच्या वर्गात वीस माणसं हाच प्रश्न घेऊन लहान मडक्यात धान्य लिंपून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी उघडून पाहतात, तेव्हा त्याला छंद का म्हणायचं? फरक असेल तो प्रमाणाचा.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण मला मक्याचं वाटतं. त्यावर थोडं रेंगाळतो.

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले लोक तीन हजारांहून अधिक वर्षं मका चुन्याच्या किंवा राखेच्या निवळीत शिजवून, रात्रभर तसाच ठेवून, धुऊन मग वाटत आले आहेत. अभ्यासक्रमात हे करायचं तर दोन पातेली ठेवतात. एकात साधं पाणी, दुसऱ्यात चुन्याची निवळी. सकाळी दोन्ही पातेल्यांत हात घालायचा. साध्या पाण्यातले दाणे फुगलेले असतात, पण साल घट्ट चिकटलेली. चुन्याच्या पातेल्यातले दाणे बोटांत चोळले की साल निसटून येते, पाणी पिवळं झालेलं असतं, आणि वास पूर्ण वेगळा येतो, पावसाने भिजलेल्या भिंतीसारखा. मग दोन्ही वाटायचे. साध्या मक्याचा गोळा हातात फुटतो, कडांना चिरा पडतात. चुन्यातल्या मक्याचा गोळा एकजीव होतो आणि थापला की पसरतो. पाककृती म्हणून एवढ्यावर थांबता येईल. इतिहास इथून पुढे आहे.

कोलंबसानंतर मका युरोपात आला. पीक जोमदार, भूक भागवणारं, गरिबांना परवडणारं. स्पेन आणि इटलीच्या काही भागांत गरिबांचं जेवण म्हणजे मकाच झाला. १७३५ मध्ये गास्पार कासाल या स्पॅनिश वैद्याने अस्तुरियासमधल्या शेतकऱ्यांत एका विचित्र रोगाची नोंद केली. उन्हात उघड्या पडणाऱ्या कातडीवर लाल, खरखरीत चट्टे उठत, मग जुलाब होत, मग भ्रम आणि मृत्यू. पुढे इटलीत त्याला पेलाग्रा, म्हणजे खरखरीत कातडी, असं नाव पडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात तो साथीसारखा पसरला. सगळे जंतू शोधत होते. जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने १९१४ पासून तिथल्या अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत पाहणी केली आणि रोग जेवणातून येतो असं सांगितलं. लोक ऐकेनात म्हणून १९१६ मध्ये त्याने रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्याला काही झालं नाही. १९३७ मध्ये कळलं की हा नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग आहे. मक्यात नायसिन असतं, पण बांधलेल्या रूपात, शरीराला न मिळणारं. चुन्याची निवळी ते मोकळं करते.

म्हणजे दोनशे वर्षं माणसं मेली ती एका पातेल्यात चुना न पडल्यामुळे. युरोपच्या जहाजांनी मका नेला, कणसं नेली, त्यांची चित्रं काढली, वर्णनं लिहिली. तो रांधणाऱ्या बायकांचं शहाणपण मात्र कुणी नेण्यालायक मानलं नाही. त्या बायकांनाही नायसिन माहीत नव्हतं. साल सुटते, गोळा बांधला जातो, एवढं त्यांच्या हाताला ठाऊक होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. जहाजातून बी गेलं, बाईचा हात गेला नाही. वर्गातल्या दोन पातेल्यांत हात घातलेल्या माणसाला वसाहतवाद म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तो पुढे विचारतो की अजून काय काय मागे राहिलं असेल. हा प्रश्न पडला की अभ्यासक्रमाचं काम झालं.

आता आक्षेपांकडे येतो, कारण त्यातला एक मला खरोखर गंभीर वाटतो. आज गॅसच्या शेगडीवर, आजच्या धान्याने, भरल्या पोटी, मजेत केलेला स्वयंपाक म्हणजे भूतकाळ नव्हे, असं इतिहासकार म्हणतात. अगदी बरोबर आहे. येल विद्यापीठात मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्या आहेत, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांत रश्श्यांच्या कृती आहेत. पण प्रमाणं नाहीत, वेळ नाही, आणि काही जिन्नस नेमके कोणते याचा अजून निकाल लागलेला नाही. त्यावरून आज कुणी रस्सा करून ‘ही घ्या बाबिलोनची चव’ म्हणून वाढला, तर ते फसवणूकच म्हणायला हवं. आपली जीभ वेगळी आहे. जन्मभर साखर खाल्लेल्या जिभेला मधाचं अप्रूप कळणार नाही. आणि उपासमार तर वर्गात आणताच येत नाही. दुपारी एक वेळ जेवण टाळलं आणि दुष्काळ कळला असं ज्याला वाटतं, तो दुष्काळात मेलेल्यांचा अपमान करतो.

याहून पुढची एक सीमा मी अगदी ठामपणे आखेन. काही गोष्टी हाताने करूनच पाहायच्या नसतात. अटलांटिकपलीकडच्या मळ्यांसाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली, त्यातली जवळजवळ अठरा लाख वाटेतच मेली. साखरेचा इतिहास शिकवताना विद्यार्थ्यांना दाटीवाटीने जमिनीवर झोपवून ‘अनुभव’ देणं हा क्रूरपणा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. तिथे हात थांबले पाहिजेत आणि वाचन सुरू झालं पाहिजे. फार तर तराजू घ्यावा, मळ्याच्या हिशेबवहीत माणशी किती धान्य लिहिलंय ते पाहावं आणि तेवढं धान्य मोजून टेबलावर ठेवावं. रांधू नये, चाखू नये. नुसतं पाहावं.

म्हणून हातकामाच्या अभ्यासक्रमाची माझी व्याख्या अशी आहे: इथे हात प्रश्न विचारतो आणि उत्तर तपासायला कागदाकडे जातो. कागद अपुरा पडला की पुन्हा हाताकडे येतो. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात इतिहासकार पामेला स्मिथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेला प्रकल्प मला यासाठी आदर्श वाटतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये तुलूजच्या परिसरात कुणा अनामिक माणसाने रंग, ओतकाम, औषधं, असल्या शेकडो गोष्टींच्या कृती लिहून ठेवल्या. त्या हस्तलिखिताचा अर्थ लावायला विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत नेलं गेलं. त्यात एक कृती पावात साचा काढण्याची आहे. ताज्या पावाच्या गरात वस्तू दाबायची, ठसा घ्यायचा आणि त्यात ओतायचं. नुसती वाचली तर ती गंमत वाटते. करायला घेतल्यावर आधी पाव भाजावा लागतो, कोणत्या पिठाचा, किती ओला, हे ठरवावं लागतं, आणि मग लक्षात येतं की लिहिणाऱ्याने हे काहीच सांगितलेलं नाही, कारण त्याच्या वाचकाला ते ठाऊकच होतं. लिहिलेल्या इतिहासाच्या पोटात न लिहिलेलं किती असतं, हे त्या पावाने दाखवलं. महत्त्वाचं म्हणजे फसलेले प्रयोगही तिथे नोंदवले गेले.

फसण्याला जागा नसेल तर हे सगळं व्यर्थ आहे. मी एका कार्यशाळेला गेलो होतो. विषय निळीचा होता. प्रत्येकाच्या टेबलावर तयार संच होता, मोजून ठेवलेली पुडी, घडी घालून बांधलेला रुमाल, हातमोजे. पिंप आधीच तयार होतं. रुमाल बुडवायचा, वर काढायचा, हवा लागली की पिवळट हिरव्याचा निळा होताना बघायचा. तो क्षण खरंच विलक्षण असतो, निळीची सगळी रसायनविद्या त्या अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोर घडते. पण ते अर्धं मिनिट संपल्यावर टाळ्या झाल्या, फोटो झाले, प्रमाणपत्रं वाटली आणि आम्ही बाहेर पडलो. पिंपातला रंग कसा तयार करतात हे कुणी सांगितलं नाही. निळीचा पाला कुजवताना हौदाला कसली दुर्गंधी येते, ते पाणी ढवळायला माणसांना त्यात कमरेपर्यंत उभं का राहावं लागे, बंगालमध्ये १८५९ साली शेतकऱ्यांनी नीळ पेरायला नकार देऊन उठाव का केला, १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आल्यावर या धंद्याचं काय झालं, चंपारणमध्ये १९१७ साली हाच प्रश्न पुन्हा का पेटला, यातला एक शब्दही तिथे निघाला नाही. माझ्या हातात एक सुंदर रुमाल होता आणि मला त्याची चीड आली. इतका जहाल इतिहास असलेला रंग, आणि आम्हाला त्याचा फक्त निळेपणा दिला होता.

गोड भूतकाळाचा मोह हा या अभ्यासक्रमांचा सर्वात मोठा शत्रू आहे. ‘पूर्वी सगळं हाताने व्हायचं, शुद्ध असायचं’ असं म्हणत दगडी पाट्यावर चार दाणे वाटायचे आणि धन्य व्हायचं. सीरियातल्या अबू हुरेराच्या उत्खननात नवाश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले. त्यांत, विशेषतः बायकांच्या हाडांत, पायाच्या अंगठ्यांचे सांधे, गुडघे आणि पाठीचे मणके झिजलेले, वाकलेले आढळले. रोज तासन्‌तास गुडघ्यांवर बसून, पायाची बोटं मागे दुमडून, दगडावर धान्य रगडल्याच्या त्या खुणा. वर्गात पाटा ठेवायचा असेल तर बेलाशक ठेवा, पण वीस मिनिटं नव्हे, दीड तास दळायला लावा. गुडघ्यात कळ आली की मग त्या हाडांचं छायाचित्र समोर ठेवा. तेव्हा ‘शुद्ध’ हा शब्द कुणाच्या तोंडी येणार नाही.

चित्रपटाबद्दल लोकांचा गैरसमज आणखी मोठा आहे. ऐतिहासिक चित्रपट दाखवायचा, मग त्यात काय खरं आणि काय खोटं यावर चर्चा घडवायची, एवढ्यालाच चित्रपटातून इतिहास म्हणतात. त्यात हात कुठेच नाही. मला हवा आहे तो संकलनाचं टेबल असलेला वर्ग.

पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई १ जुलै १९१६ ला सुरू झाली. त्या एका दिवसात १९ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मेले. लढाई चालू असतानाच, ऑगस्टमध्ये, तिच्यावरचा चित्रपट ब्रिटनमध्ये झळकला आणि लाखो लोकांनी तो पाहिला. आपला मुलगा, आपला नवरा दिसेल म्हणून माणसं पडद्याकडे डोळे लावून बसत. त्यात खंदकातून वर चढून धुक्यात नाहीसे होणाऱ्या सैनिकांचं एक दृश्य आहे. ते आजही ‘पहिल्या महायुद्धाचं खरं चित्रण’ म्हणून ठिकठिकाणी वापरलं जातं. ते दृश्य आघाडीच्या मागे, सरावाच्या जागी, मुद्दाम घडवून टिपलेलं आहे. हे सांगून कळतं, पण पटत नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या हातात ती फीत द्यायची आणि विचारायचं: कॅमेरा कुठे उभा आहे? त्या जागी उभं राहून कुणी जिवंत राहील का? सैनिकांच्या पाठीवर ओझं किती आहे? एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं की दहा मिनिटांत कुणीतरी हळूच म्हणतं, ‘हे खरं नाही.’ त्यानंतरचा प्रश्न अवघड असतो. त्याच चित्रपटात जखमींना वाहून आणतानाची दृश्यं खरी आहेत. त्यातली काही माणसं थोड्याच वेळात मेली. मग या चित्रपटाला खोटा म्हणायचं का?

याच वर्गाच्या दुसऱ्या भागात सहा तुकडे दिले जातात. हसणारे सैनिक, तोफा, रिकामा खंदक, जखमी, कैदी, कूच. दोन गटांनी तेच सहा तुकडे आपापल्या क्रमाने जोडायचे. चित्रपट दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी १९२० च्या सुमारास रशियात हेच दाखवलं होतं. नटाचा तोच निर्विकार चेहरा, पण पुढच्या तुकड्यात सूपाची वाटी असेल तर प्रेक्षकाला त्यावर भूक दिसते, शवपेटी असेल तर शोक. मी पाहिलेल्या वर्गात एका गटाने हसणारे सैनिक आधी ठेवले आणि जखमी शेवटी. दुसऱ्याने उलट केलं. पहिला चित्रपट युद्धाविरुद्ध होता, दुसरा युद्धासाठी भरती मागत होता. एकही फ्रेम बदलली नव्हती. खोली बराच वेळ गप्प होती. ज्याने स्वतःच्या हाताने असं एकदा जोडून पाहिलंय, तो पुढे कुठलीही चित्रफीत बघताना ‘याच्या आधी काय होतं?’ असं विचारल्याशिवाय राहत नाही. आजच्या काळात नागरिकाला याहून उपयोगी शिक्षण मला सुचत नाही.

आणि हे चित्रपटाच्या जन्मापासूनच चालत आलंय. ल्युमिएर बंधूंच्या कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, १८९५ सालचं ते सुप्रसिद्ध चित्रण, एकदा नव्हे तर तीनदा टिपलेलं आहे. घोडागाडी आहे की नाही, घोडा एक आहे की दोन, यावरून ते तीन नमुने ओळखतात. मालकाने कामगारांना पुन्हा दारातून बाहेर पडायला लावलं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता सार्वजनिक प्रश्नाकडे. असे अभ्यासक्रम कुणी चालवायचे, कुणाच्या पैशाने, आणि शिकवायचं कुणी? आज बहुतेक ठिकाणी ते शुल्क भरू शकणाऱ्यांसाठी आहेत. परिणाम असा होतो की कातणाऱ्यांचा, रांधणाऱ्यांचा, रंगवणाऱ्यांचा इतिहास ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तो जगला त्यांच्या मुलांना परवडत नाही. सार्वजनिक संग्रहालयं, ग्रंथालयं, विद्यापीठं यांनी हे आपलं काम मानलं पाहिजे. इतिहासाच्या पदवीला प्रयोगशाळा नसते, कारण ती लागत नाही असं आपण गृहीत धरलं आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकाशिवाय पदवी देण्याची कल्पनाही आपण करत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही वर्षातून तीन आठवडे हाताचं काम श्रेयांकासह असावं, आणि त्याच्या नोंदवहीला उत्तरपत्रिकेइतकंच वजन असावं. दोन तासांचे वर्ग मी विद्यापीठाच्या नावाने चालू देणार नाही. दोन तासांत हात बसत नाही, आणि हात बसण्याआधीची ती चिडचिड, ती तुटातूट, हीच तर मुख्य शिकवण आहे.

शिकवणाऱ्यांचा प्रश्न मला सर्वात जास्त खुपतो. प्राध्यापक व्याख्यान देतात, त्यांचं नाव पत्रिकेवर ठळक. कारागीर ‘प्रात्यक्षिक दाखवतील’, त्यांचं नाव खाली बारीक अक्षरांत, किंवा नसतंच. मानधनातही तीच उतरंड. मक्याची जी गोष्ट मी वर सांगितली ती पुन्हा घडवायला एवढं पुरेसं आहे. बी घ्यायचं, हात घ्यायचा नाही. कारागिराचं नाव शिक्षक म्हणून यायला हवं, मानधन बरोबरीचं हवं, आणि विद्यार्थ्याचं मूल्यमापन करण्याचा अधिकारही हवा. ‘त्यांना लिहिता येत नाही, ते गुण कसे देणार?’ असं मला एका बैठकीत विचारलं गेलं होतं. त्याचं उत्तर मी त्या वेळी नीट देऊ शकलो नाही. ते मला टकळीच्या वर्गात शेवटच्या दिवशी मिळालं.

चार दिवसांत कातलेलं सगळं सूत प्रत्येकाने एका काडीला गुंडाळून बाईंसमोर ठेवायचं होतं. माझं सूत त्यांनी हातात घेतलं, चष्मा काढून ठेवला आणि डोळे मिटून ते अंगठा आणि तर्जनीमधून हळूहळू ओढायला लागल्या.

“हा पहिला दिवस,” त्या म्हणाल्या. “इथे तुम्ही घाबरलात, पीळ फार दिलाय. इथे कुणाशी तरी बोलत होता, बघा, तंतू सुटलाय.” सूत पुढे सरकत राहिलं. “हे जेवणानंतरचं. हात जड झालाय.” मग बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. सूत मात्र त्यांच्या बोटांतून न अडता जात होतं. “काल दुपारी काय झालं? इथून तुमचा हात बसलाय.”

काल दुपारी विशेष काही झालं नव्हतं. मी तसं सांगितलं.

“तसंच होतं,” त्या म्हणाल्या, आणि पुढची काडी हातात घेतली.